रांगोळी पुसते, चित्र राहते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकलेली मी बाई. चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

शाळेत माझी चित्रकला बरी होती. पुढे एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचे मनात होते. पण सातवीनंतर शाळाच सुटली. मग लग्न, मुलेबाळे. हात राहिला तो दारातल्या रांगोळीपुरता. सकाळी काढावी, संध्याकाळपर्यंत ती पायांखाली जावी. मुलगी कॉलेजात गेली, तेव्हा तिची जुनी रंगपेटी घेऊन मी पुन्हा कागदापुढे बसले. वय चव्वेचाळीस.

गेल्या दिवाळीत मंडळाच्या विक्रीत मी चकल्या ठेवल्या आणि भीत भीत एक चित्रही. चकल्या तासाभरात संपल्या. चित्राकडे कोणी वळूनही पाहिले नाही. आता हा नाद पुरे, असे म्हणून ते मी कपाटामागे सारले.

मग लेकीने मला अमेरिकेतल्या मोझेस आजींची हकिकत वाचून दाखवली. ॲना मेरी मोझेस, जन्म १८६०. बाराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या घरी कामाला. लग्नानंतर जन्मभर शेतावर राबल्या. दहा मुले झाली, त्यांतली पाचच जगली. त्या लोकरीच्या धाग्याने चित्रे भरीत. पण संधिवाताने सुई धरवेना, तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे-मागे त्यांनी कुंचला हाती धरला. त्यांनीही एका जत्रेत मुरंबा आणि चित्रे मांडली होती. बक्षीस मिळाले मुरंब्याला! चित्रांना काही नाही. हे ऐकून मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही.

पुढे १९३८ मध्ये औषधाच्या दुकानात ठेवलेली त्यांची चित्रे एका जाणकाराने पाहिली व होती तेवढी विकत घेतली. १९४० मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरले, तेव्हा आजी ऐंशीच्या होत्या. १९६१ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. तोवर हजारावर चित्रे झाली होती. काढीत काय? बर्फातले गाव, झाडाच्या रसाचा पाक उकळणारी माणसे. सारे लहानपणी पाहिलेले.

मी कपाटामागचे चित्र बाहेर काढले. त्यात माझ्या माहेरचा आड आहे. तो आता बुजवला आहे. सासूबाईंनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "आमच्याकडेही अस्साच होता गं. फक्त बाजूला चिंच होती. मला तेवढा काढून दे."

भगिनींनो, तेच माझे बक्षीस. चिंच अजून मला नीट जमत नाही, पण रोज दुपारी तासभर बसते. आपल्यापैकी कितीजणींच्या मनात असे आड बुजून गेले असतील! म्हणून मंडळाला एक विनंती आहे. शनिवारी दुपारी सभागृहाचा एक कोपरा आम्हांला द्यावा. रंग ज्याचे त्याने आणावेत. चहा मी करीन.