लिलावातली चुकीची बोली

१९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'ईबे' या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर बोली लावणं म्हणजे खरेदीचा शब्द देणं. पण ९.९५ डॉलरऐवजी चुकून ९९.५० टाकले गेले तर? लिलाव संपायला बारा तासांहून जास्त अवकाश असेल, तर बोली मागे घ्या आणि लगेच योग्य आकडा टाका. शेवटच्या बारा तासांत मात्र ही सोय बोलीनंतर तासाभरापुरतीच. नुसतं मन बदललं, हे कारण तिथे चालत नाही.

वस्तू तुमच्या नावावर लागलीच, तर गप्प बसू नका. विक्रेत्याला तातडीने कळवा, दिलगिरी व्यक्त करा. सौदा रद्द करणं त्याच्या हाती असतं. तुमच्या मौनामुळे त्याचा माल अडकून पडतो. म्हणून बटण दाबण्याआधी आकडा, वर्णन आणि टपालखर्च नीट तपासा.