मावळातल्या रोजगाराचा आकडा



तळेगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा तरुण, पॉलीहाऊसमध्ये गुलाब तोडणारी बाई, लोणावळ्यात चिक्कीची पाकिटं भरणारी मुलगी. यांच्या कामाची मोजदाद सरकार वेगवेगळ्या पाहण्यांतून करत असतं. त्याबद्दलचे प्रश्न हल्ली लोक मोबाइलवरच्या एआयला विचारू लागले आहेत. ‘मावळ तालुक्यात बेरोजगारी किती?’ असं विचारलं, की बरेचदा क्षणात टक्केवारी हजर होते. ती कधी जुन्या बातमीतली असते, कधी अख्ख्या देशाची, तर कधी केवळ उत्तर पुरं करायला बसवलेली. मला याची काळजी वाटते, कारण असा आकडा पुढे ग्रामपंचायतीच्या अर्जात जातो, मुलांच्या प्रकल्पात जातो, पगारवाढीच्या बोलणीत जातो. एकदा कागदावर चढला की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

म्हणूनच केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने फेब्रुवारी 2026 मध्ये जे केलं, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. या मंत्रालयाचं ‘ई-सांख्यिकी’ हे पोर्टल जून 2024 पासून सुरू आहे. त्याला आता प्रायोगिक स्वरूपात ‘एमसीपी सर्व्हर’ जोडला आहे. एआयने बाहेरच्या माहितीसाठ्याकडे विचारणा कशी करायची याचे काही नियम ‘अँथ्रोपिक’ या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्या नियमांचं नाव एमसीपी. या सोयीमुळे एआय आठवणीतून उत्तर देण्याऐवजी थेट सरकारी तक्त्यापर्यंत जाऊ शकतो. रोजगार-बेरोजगारी मोजणारी श्रमबल पाहणी, महागाई, कारखान्यांची वार्षिक पाहणी असे काही साठे सुरुवातीला त्यात आहेत.

सातबारा मागताना आपण गट नंबर सांगतो, तसंच इथेही आहे. साठा कोणता, त्यातला दर कोणता, कोणतं राज्य, ग्रामीण की शहरी, स्त्री की पुरुष, वयोगट कोणता, वर्ष कोणतं, हे पायरीपायरीने ठरवल्यावरच आकडा हाती येतो. घाईच्या माणसाला हे किचकट वाटेल. पण या पायऱ्यांतच सगळं सार आहे.

लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वाटेवर पावसाळ्यात भाजलेली कणसं विकणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. जुलै-ऑगस्टचे दोन महिने तिला उसंत नसते. समजा, श्रमबल पाहणीचा माणूस तिच्या घरी मार्चमध्ये आला. आदल्या आठवड्यात तिने काम शोधलं होतं, पण एक तासाचंही मिळालं नव्हतं. मग आठवड्याच्या हिशेबाने ती बेरोजगार. मात्र वर्षभराच्या हिशेबात तीस दिवस किंवा त्याहून जास्त केलेलं दुय्यम कामही धरतात, त्यामुळे तिथे तीच बाई रोजगारात! दोन्ही नोंदी नियमाला धरूनच आहेत. जुलै 2023 ते जून 2024 या काळात देशाचा बेरोजगारीचा दर वर्षाच्या हिशेबाने 3.2 टक्के होता आणि आठवड्याच्या हिशेबाने 4.9 टक्के. जिथे हंगाम संपला की हाताला काम नाही, त्या आपल्या घाटमाथ्यावर हा फरक फार मोलाचा आहे. कोणत्या हिशेबाने, हे न सांगता एआयने नुसता दर दिला तर त्या बाईचे रिकामे महिने कुणाला दिसणारच नाहीत.

दुसरी गोष्ट पगाराची. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचा श्रम ब्युरो काढतो. त्याच्या देशभरातल्या 88 केंद्रांत पुणे आहे. महागाई भत्त्याचा हिशेब अनेक करारांत यावर बेततात. ऑगस्ट 2020 चा देशाचा निर्देशांक होता 338; पुढच्याच महिन्याचा निघाला 118 च्या आसपास. भाव एका महिन्यात एक-तृतीयांशावर आले का? मुळीच नाही. पायाभूत वर्ष 2001 चं 2016 झालं. जुन्या मालिकेशी ताळा जुळवायला नवा आकडा 2.88 ने गुणायचा असतो, आणि केंद्रागणिक तो गुणकही बदलतो. हे माहीत नसलेल्या यंत्राने जुन्या कराराचा भत्ता काढून दिला तर कामगाराचं किती नुकसान होईल! शिवाय हा निर्देशांक वेगळ्या कार्यालयाचा. ई-सांख्यिकीतला महागाईचा आकडा त्याच्या जागी चालणार नाही.

आता मावळच्या बेरोजगारीकडे येतो. श्रमबल पाहणीत जानेवारी 2025 पासून देशभरात सुमारे 2 लाख 72 हजार घरं निवडली जातात. नमुना निवडताना जिल्हा हा पाया धरला आहे, तालुका नव्हे. म्हणजे ‘मावळ तालुक्याचा बेरोजगारीचा दर’ असा आकडा या पाहणीतून निघतच नाही. चांगल्या साधनाने हे स्वच्छ सांगावं आणि जे आहे ते दाखवावं. गावनिहाय माहिती जनगणनेत मिळते: सहा महिने किंवा अधिक काम असलेले किती, त्याहून कमी असलेले किती. पण ती जनगणना 2011 ची! त्यानंतर तळेगावच्या जनरल मोटर्सच्या प्रकल्पातलं उत्पादन 2020 च्या अखेरीस बंद पडलं, तो प्रकल्प ह्युंदाईकडे गेला, गावोगावी बंगले आणि रिसॉर्ट उभे राहिले, भातखाचरं विकली गेली. यातलं काहीच त्या तक्त्यांत नाही.

याच पुणे जिल्ह्यात कृषिशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावातल्या जमिनीची आणि श्रमाची पाहणी करून 1917 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुणे शहराची पाहणी केली. आकडा कसा जमवला हे आकड्याबरोबर मांडण्याची ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. एआयकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवूया. त्याने दर सांगितला की साठा, काळ, हिशेबाची पद्धत आणि पायाभूत वर्ष विचारा. सांगता आलं नाही तर तो आकडा अर्जात लिहू नका.

आणि सरकारकडे एक मागणी. पुढच्या जनगणनेत लोकसंख्येची गणना फेब्रुवारी 2027 मध्ये व्हायची आहे. तिचे गावनिहाय कामगार-तक्ते तयार झाले, की तेही अशाच खुल्या सोयीतून मिळावेत, आणि कामशेतच्या किंवा कार्ल्याच्या ग्रामपंचायत सदस्याला ते मराठीत विचारता यावेत.