नावात वऱ्हाड, गाव नागपूर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नागपुरात कुणी आपले आडनाव 'वऱ्हाडपांडे' असे सांगितले, तर ऐकणारा फार तर एवढेच विचारतो, 'कोणते? महालातले का?' पुण्यामुंबईत हेच आडनाव सांगा, म्हणजे गंमत सुरू होते. एकजण हसून विचारतो, 'वऱ्हाड म्हणजे लग्नाचे का हो?' दुसऱ्याला वाटते, हे मूळचे उत्तर प्रदेशातले पांडे असावेत. तिसरा धीर करून लिहायला घेतो आणि 'ऱ्हा'पाशी अडखळतो. मराठी टंक नीट नसलेल्या संगणकांनी तर वर्षानुवर्षे या नावाच्या मध्येच आडवी रेघ मारली आणि 'व-हाडपांडे' असे त्याचे दोन तुकडे करून टाकले.

आज बोलायचे आहे ते अशा विरळ आडनावांविषयी. पाटील, जाधव, पवार ही आडनावे गावोगावी भेटतात. त्यांच्यावरून माणसाचे गाव सांगता येत नाही. विरळ आडनावाचे तसे नसते. ते थोड्या घरांत असते, एखाद्या शहराला धरून असते, आणि म्हणूनच त्याच्या पोटात त्या शहराचा एखादा जुना कागद जसाच्या तसा राहून गेलेला असतो. 'वऱ्हाडपांडे' हे त्याचे फार बोलके उदाहरण आहे.

आधी शब्द फोडून पाहू. यातला वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड नव्हे, तर वऱ्हाड प्रांत. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हा तो मुलूख. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त या नावाचा अर्थ 'वरदातट', म्हणजे वर्धा नदीचा काठ, असा लावला आहे. आता 'पांडे'. उत्तरेकडच्या पांडे या आडनावाशी याचा संबंध नाही. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात गावचा हिशेब ठेवणारा तो कुलकर्णी. विदर्भात त्याला पांड्या म्हणत. पाटील गावचा कारभार पाही, पांड्या गावचे दफ्तर लिही. गावाच्या वर परगणा. त्या परगण्याचा लेखनिक तो देशपांडे. म्हणजे देशपांडे आणि वऱ्हाडपांडे ही एकाच घडणीची नावे. एक महाराष्ट्रभर पसरले, दुसरे नागपूरला चिकटून राहिले.

असे का झाले? कारण देशपांडे परगण्यापरगण्याला होते, आणि वऱ्हाडपांडे हे एका दरबारातले एक पद होते. १८१८ नंतर तिसरे रघूजी भोसले लहान असताना नागपूरचा कारभार इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्स पाहत होता. त्याने १८२७ साली या राज्याविषयी सविस्तर अहवाल लिहिला. नागपूर दरबारचे जे मोठे कामदार त्या काळी होते, ते असे: दिवाण, फडणवीस, वऱ्हाडपांडे, चिटणवीस, मुनशी, सिक्केनवीस. फडणवीसाकडे हिशेब, चिटणवीसाकडे पत्रव्यवहार, मुनशीकडे परदरबारांशी चालणारा लेखनव्यवहार, सिक्केनवीसाकडे राजाची मोहोर. आणि वऱ्हाडपांड्याकडे जमीनमहसुलाचे दफ्तर. कोणत्या गावाची किती जमा, किती वसूल, किती बाकी, हे त्याच्या वह्यांत.

नागपूरच्या दरबारातल्या या पदाला वऱ्हाडचे नाव का, असे आपण विचाराल. याचे उत्तर भोसल्यांच्या इतिहासात आहे. नागपूरकर भोसल्यांचे बस्तान आधी बसले ते वऱ्हाडात. परसोजी भोसले शाहू महाराजांना येऊन मिळाले, त्यांना 'सेनासाहेबसुभा' हा किताब मिळाला आणि वऱ्हाडच्या वसुलीचा हक्क मिळाला. पुढे कान्होजी भोसल्यांचे ठाणे आजच्या यवतमाळ जिल्ह्यात भाम येथे होते. नागपूर तेव्हा देवगडच्या गोंड राजांचे. ते शहर वसवले बख्तबुलंद शहाने. गोंड घराण्यातल्या वारसाच्या भांडणात रघूजी भोसले मध्ये पडले आणि १७४० च्या दशकात नागपूर भोसल्यांची राजधानी झाले. तेव्हा वसुलीचे जुने दफ्तर वऱ्हाडचे असणार आणि त्यावरूनच पदाला नाव पडले असणार, असे दिसते.

पण खरी मौज पुढेच आहे. १८०३ साली इंग्रजांनी भोसल्यांचा आडगावला पराभव केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात देवगावचा तह झाला. त्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. दरबारात मात्र वऱ्हाडपांडे हे पद कायमच राहिले. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्यच खालसा केले. मग पदही गेले. आधी मुलूख गेला, मग दफ्तर गेले, मग दरबार गेला. आडनाव तेवढे उरले. आज नागपूर वऱ्हाडात मोडत नाही हे शाळेतला मुलगाही सांगेल. तरी वऱ्हाडचे नाव लावणारी ही घरे नागपूरची! भूगोलाच्या पुस्तकाने दोनशे वर्षांपूर्वी सोडून दिलेली एक गोष्ट या आडनावाने अजून धरून ठेवली आहे.

या आडनावाची दरबारातली भावंडेही पाहण्यासारखी आहेत. 'नवीस' हा फारसी शब्द, अर्थ लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणवीस, हिशेब लिहिणारा तो हसबनीस, फारसी लिहिणारा तो पारसनीस, किल्ल्यावरच्या लोकांची हजेरी ठेवणारा तो सबनीस, कोठारांची नोंद ठेवणारा तो कारखानीस. पश्चिम महाराष्ट्रात बोलताबोलता 'नवीस'चे 'नीस' झाले आणि चिटणीस रूढ झाले. नागपुरात मात्र 'चिटणवीस' पूर्ण उच्चारात टिकले. ब्रिटिश अमदानीतल्या कायदेमंडळात गाजलेले सर गंगाधरराव चिटणवीस याच शहराचे. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतलेले देवेंद्र फडणवीस हेही नागपूरचे.

शिवछत्रपतींनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामे बदलून संस्कृत केली. सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला. त्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. पण लोकांच्या जिभेवर आडनाव म्हणून जे बसले, ते फारसीच. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. पुढची पिढी चिटणीस झाली. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. आज त्यांना भानू म्हणून किती लोक ओळखतात? पद पिढीजात झाले की मूळ आडनाव मागे सरते, हा आपल्याकडचा नियमच आहे. बाप लिहिणारा म्हणून मुलगा लिहिणारा. मग मुलाला अक्षर काढता आले नाही तरी तो फडणवीसच!

सगळ्यांच्याच वाट्याला असे दरबारी नाव आले नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांनी दफ्तर लिहिले त्यांना दफ्तराचे नाव मिळाले. ज्यांनी जमीन कसली त्यांना गावाने ठेवलेले नाव मिळाले, आणि गाव नाव ठेवताना दयामाया दाखवत नाही. काळे, वाकडे, लांडगे, बोबडे ही आडनावे पाहा. देशाचे सरन्यायाधीशपद २०१९ ते २०२१ या काळात ज्यांनी भूषवले ते शरद बोबडे नागपूरचे. ज्या घराण्याच्या पूर्वजाला गावाने 'बोबडे' म्हटले असेल, त्या घराण्यातला माणूस देशातल्या सर्वोच्च न्यायालयात शेवटचा शब्द उच्चारतो. आडनाव पूर्वजाविषयी काही सांगते. वंशजाविषयी काहीच सांगत नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या बाजूला गेलात की आणखी एक तऱ्हा दिसते, 'वार' शेपटीची आडनावे. १९६२ साली मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार आपल्याला ठाऊक आहेत. हा 'वार' तेलुगूतल्या आदरार्थी 'वारु'पासून आला, म्हणजे अमक्या घरची मंडळी. मराठी आणि तेलुगू यांची सरमिसळ कुठवर झाली, हे सरहद्दीच्या नकाशापेक्षा या आडनावांवरून अधिक नीट कळते.

आता प्रश्न असा, की एखादे आडनाव विरळ आहे हे मोजायचे कसे? युरोपात हॉलंड देशाने हे काम फार चिकाटीने केले. नेपोलियनच्या अमलात १८११ साली तिथे हुकूम निघाला, की प्रत्येकाने आपले आडनाव सरकारदरबारी नोंदवावे. पुढे १९४७ ची जनगणना आणि २००७ ची लोकसंख्या नोंदणी यांच्या आधारे ॲमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेने तीन लाखांहून अधिक आडनावांची सूची केली. कोणते आडनाव कोणत्या गावात किती जणांचे, साठ वर्षांत ते वाढले की घटले, हे सारे त्यात पाहता येते. आपल्या 'कर' सारखे त्यांचे 'फान', म्हणजे अमक्या गावचा. त्यांच्याकडे 'नाक्तखेबोरन' असे एक विरळ आडनाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'नागवा जन्मलेला'. लोक सांगत, की नेपोलियनच्या कारकुनाची थट्टा करायची म्हणून कुणीतरी हे नाव नोंदवले. अभ्यासकांनी दाखवले, की हे आडनाव त्या हुकुमाच्या आधीपासूनचे आहे. बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठी जो जर्मन शब्द होता, त्याचा हा अपभ्रंश. लोक ज्यावर हसत होते, ते एका पोरक्या मुलाचे नाव होते. आपल्या 'लग्नाच्या वऱ्हाडा'चीही तीच कथा.

आपल्या जनगणनेत आडनावांचा तक्ता निघत नाही. प्रगणक नाव लिहून नेतो, पण १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे ती माहिती गुप्त राहते. उरल्या मतदारयाद्या. तिथे इंग्रजी लिपी घात करते. वऱ्हाडपांडे कुणी 'व्ही'ने लिहितो, कुणी 'डब्ल्यू'ने. कुणी 'एच' घालतो, कुणी गाळतो. एका आडनावाची चार आडनावे होतात. मुळात थोडी घरे, त्यात अशी फाटाफूट. सख्ख्या चुलतभावांची आडनावे कागदोपत्री वेगळी दिसू लागतात.

विरळ आडनावाला याहून मोठा धोका साध्या गणिताचा आहे. १८७३ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने प्रश्न टाकला, की मोठमोठ्या घराण्यांची आडनावे नाहीशी का होतात? हेन्री वॉटसन नावाच्या धर्मोपदेशकाने त्याचे गणित मांडले आणि पुढच्या गणितज्ञांनी ते पक्के केले. त्याचा मथितार्थ असा: आडनाव जर फक्त मुलाकडून पुढे जात असेल आणि दर पुरुषामागे मुलगे सरासरी एकाहून कमी असतील, तर ते आडनाव कधी ना कधी संपणारच. यात कुणाचा दोष नाही, कुणाचा शाप नाही. आता आपल्याकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. म्हणजे बाईमागे दोन मुलेही नाहीत, आणि त्यांतले मुलगे सरासरी एकाहून कमी. पाटील-पवारांना हे जाणवायला कित्येक पिढ्या लागतील. ज्या आडनावाची घरे मुळातच थोडी, तिथे चार घरांत फक्त मुली झाल्या, दोन मुले परदेशी गेली आणि परतली नाहीत, की एक शाखा मिटते.

म्हणून हळहळायचे का? मला वाटते, नाही. लहान कुटुंब ही चांगली गोष्ट आहे आणि मुलगी झाली म्हणून घराणे बुडत नाही. वंश चालतो, बंद पडते ती फक्त पाटी. शिवाय आडनाव विचारून जात काढण्याची आपली खोड इतकी जुनी आहे, की कित्येक तरुण आज आडनावच लावत नाहीत. त्यांच्यावर रागावण्याआधी, आपण ते कशासाठी विचारतो हे स्वतःला विचारावे. आडनाव ऐकून माणसाची किंमत ठरत असेल, तर ते टाकून देणाऱ्याचे काही चुकत नाही.

पण आडनाव संपणे वेगळे आणि त्यातली माहिती संपणे वेगळे. पहिली गोष्ट आपल्या हाती नाही, दुसरी आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ठरवले, की १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव येईल. आईचे नाव कागदावर आले. आता आईच्या माहेरचे आडनावही घरच्या वहीत येऊ द्या. सासरी गेलेल्या लेकीला आपल्या माहेरच्या आडनावाची गोष्ट ठाऊक असते, पण तिला ती कुणी विचारत नाही. वंशावळीत तिच्या नावापाशी रेघ थांबते, आणि त्या रेघेबरोबर निम्मा इतिहास थांबतो.

दुसरे, जुन्या वाड्यांतले कागद. वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा लाकूड विकले जाते, पितळ विकले जाते आणि मोडीतले कागद रद्दीत जातात, कारण घरात मोडी वाचणारा कुणी नसतो. न वाचता आले तरी फेकू नका. नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ आहे, राज्याच्या पुराभिलेख विभागाची शाखा आहे. तिथे निदान विचारून या. त्या कागदांत फक्त तुमच्या पणजोबांचे नाव नसते. एखाद्या गावाने दुष्काळात किती सारा भरला, कुणाचे बैल जप्त झाले, हेही असते. वऱ्हाडपांड्यांनी आयुष्यभर लिहिले ते स्वतःविषयी नव्हे, शेतकऱ्यांच्या वसुलीविषयी. ज्यांना आडनावाचे दफ्तर कधी मिळाले नाही, त्यांची नावे सापडली तर त्याच कागदांत सापडतील.

तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. आपले आडनाव कुठून आले, त्याआधी कोणते होते, आजीचे माहेरचे कोणते, हे विचारा आणि देवनागरीत, तारीख घालून, लिहून ठेवा. एक पानभर मजकूर होईल. पण लिहिणारे निघून गेल्यावर मागे उरते ते लिहिलेलेच. नागपूरच्या या आडनावाने दोनशे वर्षे आपल्याला हेच सांगितले आहे.