हरकतीचा हक्क
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

मैदानाभोवती पत्रे ठोकले जातात, जुन्या चाळीशेजारी मनोऱ्याचा पाया खणला जातो, तेव्हा रहिवासी खडबडून जागे होतात. सह्यांची मोहीम निघते, महापालिकेवर मोर्चा जातो. अधिकारी शांतपणे परवानगीचा कागद पुढे करतात. परवानगी नियमानुसारच असते; मात्र तो नियम काही वर्षांपूर्वी बदललेला असतो, आणि तो बदलला गेला तेव्हा मोर्चातील कोणालाही त्याची वार्ता नसते. नागरी चळवळीच्या या दुखण्याचा विचार आज करावयाचा आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली संमत झाला. जमिनीचा मालक कोणीही असो, तिचा वापर कशासाठी व्हावा हे ठरविण्यात समाजाचाही वाटा आहे, हे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला पाहिजे, त्यावर हरकती व सूचना मागविल्या पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. आराखड्यात फेरबदल करावयाचा झाला तरी कलम ३७ नुसार जाहीर सूचना द्यावी लागते, आणि त्या फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप पालटता कामा नये. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सामान्य माणसाला शहराच्या घडणीविषयी अधिकाराने बोलता येईल अशा ज्या मोजक्या जागा कायद्याने ठेवल्या आहेत, त्यांपैकी ही एक आहे.

ही जागा कशी आकसत जाते हे गिरणगावाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि मुंबईच्या मध्यभागी ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन हाच मोठ्या व्यवहाराचा विषय झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीच्या पुनर्विकासासाठी ढोबळमानाने तीन वाटे ठरविले होते : एक उद्याने व मैदानांसाठी महापालिकेकडे, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाकडे आणि एक मालकाकडे. गिरणीची इमारत पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही या वाटणीत येत होती. मार्च २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी आता केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. दोनतृतीयांश जमीन द्यावी लागत असल्याने मालक पुनर्विकासाला पुढे येत नाहीत आणि कामगारांची देणी थकून राहतात, असे समर्थन सरकारतर्फे केले गेले. पण बहुतेक गिरण्यांच्या आवारात मोकळी जागा थोडी आणि बांधकामाखालील जागाच फार, हे गिरणगावातील पोरालाही ठाऊक होते. ‘मोकळी’ या एका शब्दाचा अर्थ पालटला आणि शहराच्या वाट्याची कितीतरी जमीन हातची गेली.

पर्यावरणवादी संघटनेने दाद मागितली, तेव्हा ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. पुढे काय झाले? जेथे भोंगे वाजत तेथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. त्यांत रोज येणारी माणसे उतरत होती ती मात्र जुन्याच स्थानकांवर. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. पूल वेळेत रुंद न करण्याचा दोष रेल्वे प्रशासनाचा होताच; परंतु एवढी गर्दी त्या भागात आणून सोडणाऱ्या नियोजनाला त्या दोषातून मुक्त करता येणार नाही.

हरकत घेऊन काही साधते काय, अशी शंका कार्यकर्तेही बोलून दाखवतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो नागरिकांनी लेखी हरकती नोंदविल्या. एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करण्याचा आदेश राज्य सरकारला द्यावा लागला. शेजारच्या गोव्यात तर याहून मोठे यश मिळाले होते. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ विरुद्ध गोवा बचाव अभियानाने गावोगाव रान उठविले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घेणे भाग पडले.

परंतु विजयानंतर पहारा सैल झाला की काय होते, याचा धडाही गोवाच देतो. २०२३ मध्ये तेथील नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालण्यात आले. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या ‘चुका’ सुधारण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची वाट त्यामुळे खुली झाली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्द केले. मुंबईत ‘मोकळी’ आणि गोव्यात ‘चूक’ : असे निरुपद्रवी शब्दच जमिनीच्या व्यवहारात सर्वांत महाग ठरतात.

साथींनो, एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. उंच इमारतीमुळे आपल्या खिडकीतला उजेड जाईल म्हणून उभी राहिलेली चळवळ शेजारची झोपडपट्टी हटविण्याच्या प्रश्नावर पुष्कळदा मौन पाळते. कोळीवाडा, गावठाण, आदिवासी पाडा आराखड्याच्या नकाशावर नीट दाखविला आहे की नाही, हे तपासण्याची तिला गरज वाटत नाही. उलट, कामगार चळवळीने घर आणि थकलेली देणी यांसाठी जिवाचे रान केले. पण मैदाने, शाळा, दवाखाने यांचा वाटा हाही कामगाराच्याच मुलांचा वाटा आहे, हे तिने पुरेशा जोराने मांडले नाही. या दोन शक्ती परस्परांकडे पाठ फिरवून उभ्या असल्या, म्हणजे बिल्डराचे काम निम्म्याने हलके होते.

म्हणून प्रत्येक शाखेने दोन कामे अंगावर घ्यावीत. राजपत्रातील आणि वृत्तपत्रांतील नगररचनेच्या सूचना नियमितपणे वाचून त्यांचा अर्थ सोप्या मराठीत वस्तीत सांगणारा एक तरी कार्यकर्ता तयार करावा. आणि मुदत संपण्यापूर्वी चाळीतील भाडेकरू, सोसायटीतील सभासद, फेरीवाले व झोपडीवासी यांना एका बैठकीला बोलावून सर्वांच्या हरकती एकत्र लिहून घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा नाहीत, छायाचित्रे नाहीत. पण पत्रे ठोकले गेल्यानंतर काढलेल्या दहा मोर्च्यांनी जे साधत नाही, ते मुदतीत दाखल केलेल्या अशा हरकतींनी साधण्याचा संभव अधिक आहे.