"कोणामुळे?" या प्रश्नाबद्दल

मी नंदुरबारचा, पाच वर्षांच्या मुलाचा बाप. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे असं कळलं, आणि घरात एकच प्रश्न सुरू झाला: कोणामुळे? मोबाईलमुळे? घरात अहिराणी, गुजराती, मराठी सगळंच चालतं, म्हणून? फिरून फिरून बोट वळतं आईकडे. बापाला कोणी विचारत नाही बरं का!

हे काही खानदेशाचंच नाही. अमेरिकेत एकेकाळी तज्ज्ञच म्हणायचे, आई मायेची नाही म्हणून मूल असं झालं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून ते खोडलं. ते मानसशास्त्रज्ञ, आणि अशाच मुलाचे वडील. हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं रडली.

दुःख होतंच हो. जिम सिंक्लेअर स्वतः स्वमग्न. १९९३ मध्ये त्यांनी पालकांना सांगितलं, की तुम्ही रडता ते मनात धरलेल्या मुलासाठी; समोरचं मूल तर इथेच आहे, तुमची वाट बघत. मला ते झोंबलं, पण पटलं.

दोन-तीन भाषांनी स्वमग्नता होत नाही. म्हणून माझ्या आईला म्हटलं, तू अहिराणीतच बोल त्याच्याशी. परवा ती 'भाकर' म्हणाली, आणि त्याने ताटाकडे हात नेला.