चित्रपटातील उत्कंठा आणि संकलकाची कात्री



यात्रेतल्या तंबूत म्हणा की शहरातल्या थिएटरात म्हणा, रहस्यपट पाहताना एक क्षण असा येतो की सगळीकडे चिडीचूप होते. शेंगा सोलणारा हात तसाच थांबतो. रडणाऱ्या पोराला आई पदराखाली घेते. आणि गंमत अशी, की पडद्यावर अजून कुणी कुणाला बोटसुद्धा लावलेलं नसतं! मग आपला जीव टांगणीला का लागतो? याचं श्रेय आपण नटाला देतो, फार तर दिग्दर्शकाला देतो. पण यात मोठा वाटा ज्याचा असतो, तो माणूस पडद्यावर कधीच दिसत नाही. तो म्हणजे संकलक.

चित्रपट एका दमात घेतलेला नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी घेतात. फिल्मच्या पट्टीवरची चित्रे सेकंदाला 24 या वेगाने सरकतात. म्हणजे एका मिनिटाला 90 फूट पट्टी लागते. संकलक ही पट्टी कात्रीने कापी आणि हव्या त्या क्रमाने जोडी. आता कात्री जाऊन संगणक आला आहे. पण काय ठेवायचे, किती ठेवायचे आणि कशाशेजारी ठेवायचे, हे त्याचे तीन प्रश्न मात्र जुनेच आहेत.

आता असं पाहा. कराड किंवा शिराळा भागातला एक म्हातारा शेतकरी रात्री उसाला पाणी द्यायला निघाला आहे. वीज रात्रीची, त्याला तो काय करणार? फडात बिबट्या आहे. बिबट्याने एकदम झेप घेतली, तर आपण दचकू आणि दोन घटकांनी विसरून जाऊ. पण आधी उसाची हलणारी पाने दाखवली. त्यात चमकलेले दोन डोळे दाखवले. आणि मग म्हातारा बांधावर निवांत तंबाखू मळत बसलेला दाखवला, तर? अहो, आपल्याला ओरडावंसं वाटेल, “आजोबा, उठा!” कारण आपल्याला जे ठाऊक आहे, ते त्याला ठाऊक नाही. इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हेच टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन समजावीत. बॉम्ब अवचित फुटला तर धक्का. पण तो टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी कळले, तर उत्कंठा.

याला दुसरा धागा जोडू. घरी मुलाला शेजारी सांगतो की, बिबट्या तुमच्याच फडाकडं गेला. मुलगा फटफटीला किक मारतो. आता एक तुकडा फटफटीचा, एक म्हाताऱ्याचा, एक हलणाऱ्या पानांचा. प्रत्येक खेपेला तुकडा आखूड होत जातो, आणि आपल्या छातीचे ठोके त्या लयीत पडू लागतात. अमेरिकेत ग्रिफिथने 1909 साली ‘द लोन्ली व्हिला’ या मूकपटात हीच युक्ती वापरली होती. दाराशी चोर, आत बायकामुलं, आणि घराकडं धावत सुटलेला बाप! आणि भरात आलेली ही लय मोडून संकलकाने एखादाच तुकडा मुद्दाम लांबवला, तर तो घटकाभर युगासारखा वाटतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. सांगली जिल्ह्यातील समडोळीला जन्मलेले आणि साताऱ्याकडच्या कोरेगावात राहिलेले कादंबरीकार नारायण हरि आपटे यांच्या कथांवर शांतारामबापूंनी ‘अमृतमंथन’ (1934) आणि ‘कुंकू’ (1937) काढले. ‘अमृतमंथन’च्या हिंदी आवृत्तीत राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा व्यापतो, तो तुकडा पाहणारा विसरत नाही. ‘कुंकू’त पार्श्वसंगीताचा आधारच घेतला नाही. घड्याळाच्या टिकटिकीसारख्या घरातल्या आवाजांनीच मनावर ताण येतो. मिरजेत जन्मलेल्या राजा परांजपे यांनी 1964 साली ‘पाठलाग’ केला. पत्नी वारली असं मानणाऱ्या वकिलापुढं हुबेहूब तिच्यासारखी बाई आरोपी म्हणून उभी राहते. खरी कोण? उत्तर लांबवत नेणं, हेच तिथलं कौशल्य. पुढं 1966 साली त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला.

गुरुजनांना एक प्रयोग सुचवतो. रशियातील कुलेशॉव यांनी 1920 च्या सुमारास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी अन्नाच्या वाडग्याशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडला. लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. तुम्ही वर्गात चार कागदांवर चित्रे काढून घ्या. एक साधा चेहरा, एक भाकरी, एक साप, एक रडणारे मूल. जोड्या बदलत जा आणि त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते मुलांना विचारा. चेहरा तोच, उत्तरे निरनिराळी. त्यांना जे उमगेल, ते व्याख्यानाने उमगणार नाही.

हे उमगणं का महत्त्वाचं, तेही सांगतो. आज ही कात्री प्रत्येकाच्या खिशात, मोबाइलमध्ये आहे. कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक चित्रफीत काढली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, पण लगेच परत आणून सोडतात आणि सावध राहण्याची सूचना दाखवतात. 2018 साली तिचा शेवटचा भाग कापून ती आपल्या देशभर फिरली. उरलं फक्त मूल पळवणं! त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच अफवांपायी भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. लांब कशाला जा? 2022 च्या सप्टेंबरात आपल्या जत तालुक्यातील लवंगा गावी, वाट विचारणाऱ्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून बेदम मारहाण झाली.

तंबूतला प्रेक्षक दिवे लागले की धोतर झटकून घरी जातो. मोबाइलवरच्या तुकड्याला मात्र दिवे लागत नाहीत. म्हणून संकलकाचे तेच तीन प्रश्न आपण विचारायचे. यात काय ठेवलं आणि काय कापलं? हे किती लांबवलं, किती आखडलं? आणि हे कशाशेजारी आणून जोडलं? उत्तर मिळेपर्यंत चित्रफीत पुढं धाडायची नाही आणि काठीला हात घालायचा नाही. मग रहस्यपट खुशाल पाहा, मनसोक्त घाबरा. पैसे देऊन घाबरण्यातही मोठी मौज आहे!