पंपातून येणारी रेती



सिरोंचाला गेलात तर गोदावरीवरचं मेडीगड्डा बॅरेज पाहून या. एक टोक तेलंगणात, दुसरं आपल्या गडचिरोलीत, दरवाजे ८५. जून २०१९ मध्ये उद्घाटन झालं. २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी मोठा आवाज झाला आणि सातव्या ब्लॉकमधला विसावा पिलर खचला. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, आराखडा, गुणनियंत्रण आणि देखभाल या चारही ठिकाणी दोष दाखवले. पायाखालची रेती पाण्यासोबत वाहून गेली होती. आराखड्यात तरंगतं धरलेलं बॅरेज प्रत्यक्षात ताठ बांधलं गेलं होतं. खालच्या बाजूचे काँक्रीटचे ब्लॉक २०१९-२० पासून कोणी तपासलेच नव्हते.

हे वाचलं आणि मला एक पंप आठवला.

माझी नोकरी नवी होती. याच जंगलपट्ट्यात एका नाल्यावर पूल चालला होता. मे महिना, अर्धे मजूर तेंदूपत्त्याला गेलेले, पाऊस तोंडावर. पायाच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसत होतो. मुकादम जवळ आला, म्हणाला, ‘‘सायेब, पाण्यासंग रेती येऊन रायली.’’ पाइपाच्या तोंडाशी हात धरून त्याने मूठभर बारीक, ओली रेती माझ्या तळव्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या काँक्रीटची तयारी झाली होती, महिनाअखेरीस रनिंग बिल काढायचं होतं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पाया तपासला, ठीक.’ दुसऱ्या पावसाळ्यात त्या पायावरचा पिलर कलला. चौकशीत सगळे कागद सापडले, माझी सहीसुद्धा. मुकादमाचं बोलणं मात्र कुठेच नव्हतं. ते लिहायला रकानाच नव्हता.

बांधकामातल्या संस्था अडचणीत का येतात, याची कारणं तुम्ही नव्या स्नातकांनी परीक्षेत लिहिली असतील: पैसा अडकणं, दर वाढणं, वनजमिनीची मंजुरी रखडणं. खोटी नाहीत ती. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचा खर्च ३७२ कोटींवरून हजारो कोटींवर गेला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. पण पैशाचं संकट निदान कागदावर दिसतं. न दिसणारं संकट वेगळ्या वाटेने येतं. काम सर्वांत कमी दराला जातं, तिथून सबलेट होतं, पुढे छोट्या ठेकेदाराकडे. दर पायरीला रेती पाहणारा माणूस निर्णय घेणाऱ्यापासून लांब जातो. काम थांबवलं की दंड, चालू ठेवलं की बिल. मग मधला कोण कशाला बोलेल? असं वर्षानुवर्षं चाललं की वरच्यांना आपली साईट फक्त टक्केवारीत कळते: सत्तर टक्के झालं, ऐंशी टक्के झालं. अशी कंपनी पिलर खचायच्या आधीच खचलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यातले बरेच जण पुढच्या महिन्यात एखाद्या साईटवर हजर व्हाल. पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी विचारा. इथे काम थांबवायचा अधिकार नेमका कोणाला आहे? आणि त्याचा फोन नंबर मुकादमाकडे आहे का? नसेल तर त्याच संध्याकाळी त्याच्या मोबाइलमध्ये तो घालून द्या.